मधला कार्ब्युरेटर

३ फेब्रुवारी, मंगळवार
१. सकाळी जव्हारहून जीपने निघाले. दहाला मोखाड्याच्या पुढे धरणाकाठी पोहोचले.
२. फेरीच्या बोटीचं इंजिन तपासलं. तीन सिलिंडर, तीन कार्ब्युरेटर. मधला कमी ओढत होता, म्हणून इंजिन लंगडत होतं.
३. प्रत्येकाची ओढ मोजणारी व्हॅक्यूमची तीन घड्याळं लावली आणि तिन्ही काटे एका रेषेत आणले.
वेळ चाळीस मिनिटं. नोकरीची सुरुवात छान झाली. बोट चालवणारा नवशा खूश होता. ‘बाय, इतके दिस लंगडत व्हता, आज नवरदेवागत निघाला!’ पलीकडच्या पाड्याला दुसरी वाट नाही, हेही त्याने सांगितलं. मजुरीला निघालेली वेणू तेवढी हसली नाही. डोळे मिटून इंजिन ऐकत राहिली.

५ फेब्रुवारी
मधल्या स्क्रूवर लाल रंगाची खूण आहे. म्हणजे तो आपोआप ढिला झाला नव्हता. कुणीतरी मोजून मागे ठेवला होता. नवशा जामसरचा, इथे नवीन. आधीचा मेकॅनिक पंढरी ठाण्याला गेला, एवढंच त्याला माहीत. पाड्यावरून कळलं, बोटी दोन होत्या, इंजिनं सारखी. एक मागच्या श्रावणात बुडाली. तिच्यात वेणूचा नवरा जिवा होता. तो सापडला नाही.
आज ती बोट बुडाली त्या जागी आमच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. तसंच इंजिन, नीट जुळवलेलं. प्रतिध्वनी असावा.

७ फेब्रुवारी
त्या जागी नवशाला इंजिन बंद करायला लावलं. आवाज थांबला नाही. पाण्याखालून येत होता. घड्याळं जोडलेलीच होती. बंद इंजिनावर तिन्ही काटे चढलेले, एका रेषेत.
वेणूचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. मी तिला मागे ओढलं. पलीकडूनही कुणीतरी —

८ फेब्रुवारी
काल रात्री मधला स्क्रू दोन आटे मागे घेतला. सकाळी काटे पुन्हा एका रेषेत. मग चार आटे. तेच.
वेणूला ठाऊक होतं. दोन्ही इंजिनं एका चालीत आली की बुडालेली बोट वर येते, मधल्याला हात लावू देऊ नका, असं पंढरी तिला सांगून गेला होता. मग मला का अडवलं नाहीस, असं विचारलं. ‘त्याला एक डाव ऐकायचा व्हता, बाय.’


९ फेब्रुवारी
वेणू शुक्रवारी मुलीला माहेराहून आणणार आहे. प्रतीक्षा. चार वर्षांची. बापाला दाखवायची म्हणते. बोटीतून — त्या जागी —
इंजिन उतरवून माझ्या खोलीत आणलं.

१० फेब्रुवारी
पंढरीदादा, तुमचा फोन लागत नाही, म्हणून लिहिते. मधला कार्ब्युरेटर मी जुळवला. चूक माझी. तो किती आटे मागे होता आणि तसा टिकवला कसा, ते गुरुवार, १२ तारखेपर्यंत कळवा. शुक्रवारी उशीर होईल. वेणू मुलीला —
धक्क्यावर इंजिन सुरू झालंय. आमचं इथे, माझ्यासमोर आहे. खिडकीतून वेणू दिसते. प्रतीक्षा कडेवर. आजच आणली. मी हाका मारते आहे, वेणू वळत नाही. दादा, गुरुवारपर्यंत नको, आत्ता —