'गोदाम बंद आहे' या चित्रपटाच्या उजेड असलेल्या प्रतीबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चित्रपट-दिग्दर्शन (चित्रपट एकच), स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मी औषधाच्या गुंगीत नाही आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण मागे ठेवण्यासारखे काही आहे असे वाटत नव्हते.

१. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, माझ्या धाकट्या भावाला. गॅलरीचे दार पावसाळ्यात फुगते. ते तासू नये, उन्हाळ्यात फट पडते.

२. बँकेतील ठेव त्यालाच. तो नको म्हणेल. त्याचे ऐकू नये.

३. टेबलावरचा दिवा, चालू स्थितीत, त्या समीक्षक महाशयांना, ज्यांनी माझ्या चित्रपटाविषयी 'अंधार हाच इथला नायक' असे लिहिले. त्याच्या उजेडात त्यांनी पुढचे कलम वाचावे.

४. 'गोदाम बंद आहे' हा निओ-नॉयर, म्हणजे काळोख्या धाटणीचा, गुन्हेपट मी कोणत्याही कंपनीशिवाय, ओळखीपाळखीच्या माणसांना हाताशी धरून काढला. गोष्ट साधी आहे. गोदामाचा पहारेकरी आपल्या मित्राचा खून करतो आणि शेवटी प्रेताजवळ बसून राहतो. पहारेकरी माझा भाऊ झाला होता. शेवटची चार मिनिटे कॅमेरा फक्त त्याच्या चेहऱ्यावर आहे. ती चित्रित करताना लाइटवाला तोंड फिरवून डोळे पुसत होता.

रंगदुरुस्ती, म्हणजे प्रत्येक दृश्याचा रंग आणि उजेड ठरवण्याचे काम, मी घरीच केली. मला मोतीबिंदू झाला होता आणि त्याचा पत्ता नव्हता. नीट दिसेना म्हणून मॉनिटरचा उजेड पार वर नेला आणि तसाच ठेवून महिनाभर काम केले. त्या उजेडाच्या हिशोबाने चित्र गडद करत गेलो आणि मला सगळे झकास दिसत होते. थिएटरात मात्र पडद्यावर काळे फडके टांगल्यासारखे झाले. प्रेक्षकांनी मोबाइलचे टॉर्च लावले, शिव्या घातल्या, मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. घरी येऊन मॉनिटर तपासला तेव्हा त्याचा उजेड शेवटच्या टोकाला नेलेला दिसला.

समीक्षकांनी तोच अंधार डोक्यावर घेतला. 'खुन्याला चेहराच न देण्याचे धाडस' म्हणून बक्षीस मिळाले. मी मंचावर गेलो आणि अंधार या विषयावर वीस मिनिटे बोललो. कबूल करायची वेळ तीच होती. पुढे प्रत्येक मुलाखतीत मी त्या खोट्यात आणखी रुतत गेलो.

बक्षीस मिळाले त्याच आठवड्यात भाऊ घरी आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला. मग म्हणाला, "दादा, खरं सांग. माझ्या चेहऱ्यावर काही आलंच नाही का?"

मी म्हणालो, "थोडं कमी पडलं असेल."

त्याने पुन्हा कधी काम केले नाही. नऊ वर्षे तो कुरिअरच्या ऑफिसात पार्सलांवर लेबले चिकटवतो आहे. माझे ऑपरेशन झाले तेव्हा दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब त्यानेच घातले. त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर असे. तेव्हाही मला सांगता आले नाही.

५. मूळ चित्रीकरणावरून मी योग्य उजेडाची प्रत केली आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, निळ्या डब्यात हार्ड डिस्क आहे. ती आणि चित्रपटाचे सर्व हक्क भावाला. लोकांना दाखवावी की फोडून टाकावी, हे त्याने ठरवावे. त्याआधी शेवटची चार मिनिटे त्याने एकट्याने पाहावीत. अरे, सगळं आलं होतं. मीच झाकलं.

६. हे अमलात आणण्याचे काम वकीलबाईंकडे. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे त्या म्हणाल्या. म्हणून भाऊ बाहेर बाकावर बसला आहे. जिन्यावरून मला हात धरून त्यानेच आणले. इथवरचे कागद वाचून वकीलबाई म्हणाल्या, "ते बाहेरच आहेत. आत बोलावू का? आत्ताच सांगून टाका."

मी त्यांच्याकडे सहीसाठी पेन मागितले.

लिहून ठेवणारा: (सही)

साक्षीदार, आमच्या समोर सही केली:
१. थिएटरचा डोअरकीपर (सही)
२. डोळ्यांचे डॉक्टर (सही)

ठिकाण: वकीलबाईंचे ऑफिस, दुसरा मजला
दिनांक: चौदा, गुरुवार, सकाळी साडेअकरा