शिक्का बरोबर होता

४ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तू तर छुपा रुस्तम निघालास! बक्षिसात गाडी लागल्याचं पत्र काल मलाही आलं. आधी कर भरा, मग गाडी न्या, असं लिहिलंय. मी हसून ते कचऱ्यात टाकणारच होते, पण खाली बघते तर, 'तुमच्या बंधूंनी तुमचं नाव सुचवलं' म्हणून तुझं नाव आणि पोस्टातला हुद्दा छापलेला! मग शंकेला जागाच कुठे उरली? नव्या शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे सोमवारी भरते. जुनं सारखं धागा तोडतं, पण आता चार दिवस कळ काढीन.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, गाडीत बसल्यावरही राहू दे.

तुझी धाकटी

६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर 'पैसे भरू नकोस' एवढंच बोलून ठेवून दिला. पुढचं तोंडाने सांगवेना. गाडीबिडी काही नाही, शुद्ध फसवणूक आहे.

पोस्टातल्या रजिस्ट्रीच्या खिडकीवर माझा जन्म गेला. असली पत्रं मी कितीतरी लोकांना फाडून टाकायला लावली. माझं आलं तेव्हा मात्र सवयीने पाकीटच तपासत बसलो. तिकिटं पुरेशी, शिक्का बरोबर, चिकटवलेलं नीट. पाकीट चोख म्हणजे आतलंही चोख, असं धरून चाललो. दोनदा पैसे भरले. मग बक्षीस लवकर हवं तर जवळच्या नातेवाइकाचं नाव द्या म्हणाले, तर मी तुझं दिलं. लाज वाटते गं.

तुझ्या वहिनीला यातलं काही माहीत नाही. तूही कुठे बोलू नकोस, पोलिसांत तर नाहीच नाही. उरलेली अब्रू तेवढी सांभाळ.

तुझा दादा

१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझे पैसे वाचले, तरी दोन दिवस तुझा राग राग केला. फसलास म्हणून नाही, फोन ठेवून दिलास म्हणून. मी काय परकी आहे?

पण गप्प बसणं माझ्याच्याने होणार नाही. माझ्या पत्रात तुझं नाव छापलं, तसं आणखी किती जणांच्या पत्रात असेल कोण जाणे. आधी वहिनीला सांग. मग पाकीट, पत्र, पैसे भरल्याच्या पावत्या घेऊन पोलिसांत जा, बँकेलाही कळव. त्यांचा फोन आला तर एक अक्षर बोलू नकोस. एकट्याने जाववत नसेल तर मी येते, गिऱ्हाइकांचे कपडे थांबतील.

राग ओसरलाय, माया आहे तशीच आहे.

तुझी धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस,

तुझ्या वहिनीला सांगितलं. ती रागावली नाही, मुकाट्याने चप्पल घालून माझ्याबरोबर निघाली. त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. पोलिसांनी विचारलं, विश्वास कशामुळे बसला? शिक्का बरोबर होता म्हणालो, तेव्हा कान तापले.

तिथून पोस्टात गेलो. असली पाकिटं देताना लोकांना सावध कर, असं मला पत्र आणून देणाऱ्या पोस्टमनला सांगायचं होतं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. गेल्या आठवड्यात त्यालाही तेच पत्र आलं होतं. त्याला ते खोटं वाटलं होतं, पण साहेबांनी, म्हणजे मी, असलंच पत्र सही करून घेतलंय, वर त्यांचं नावही छापलंय, म्हणून मुलीच्या फीचे पैसे त्याने भरून टाकले.

त्याला पोलिसांत घेऊन गेलो. तक्रार मीच लिहून दिली. माझं नाव त्यात तीनदा आलं.

वर आशीर्वाद लिहायला विसरलेलो नाही. आज लिहायला हात धजावला नाही. इतक्यावरही लोभ उरला असेल तर कळव.

तुझा दादा