पेढ्यांऐवजी नारळ

पुणे, मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

ताराअक्का, तुझ्या आसारामचा नमस्कार.

आज सकाळी फिरून आलो, दवाखान्यात गेलो, दुपारी दोडक्याची अळणी भाजी खाल्ली. फोन असताना पत्र कावून, असं म्हणशील. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजव्या हाताला सवय व्हावी म्हणून डॉक्टरीणबाईंनी रोज अर्धं पान लिहायला सांगितलंय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, पण शाळेत तरी कुठं वेगळं होतं?

बीपी एकशे चोवीस निघाला. लगेच आपला तानाजीदादा आठवला. पहिल्या झटक्यानंतर त्याचाही असाच उतरला होता. "रोग गेला बे!" म्हणत त्यानं लिंबागणेशला पेढे वाटले, निम्मे स्वतःच खाल्ले आणि गोळ्या बंद केल्या. मीही चार खाल्ले, अक्का. त्याला अडवलं नाही. दुसऱ्या झटक्यात गेला, त्याला सहा महिने झाले.

तरी आज मीच डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आता गोळ्या थांबवू?"

"काका, बैल बांधलेला आहे म्हणून पिकात शिरत नाही. दावं सोडता का?"

सोबत आलेले जावई इतके हसले की बाईंनी त्यांचाही बीपी मोजला. माझ्यापेक्षा जास्त निघाला.

तुझी सून धनश्री फोनवर सांगत होती, "मला लई बरं हाय" म्हणून तूही बीपीची गोळी सोडलीस. शिवाय माझ्यासाठी पेढ्यांचा नवस बोललीस. नवस नारळावर भागव. गोळी मात्र आजच चालू कर. तिघा भावंडांतले आपण दोघंच उरलोय. गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

रोहिणी आणि जावई बाहेर गेलेत. आठ वाजले. उठून पाणी घेतो आणि माझी गोळी खातो.

तुझा धाकटा,
आसाराम