आज्याची घंटा

तांडा, आर्णीजवळ
ता. २० फेब्रुवारी १९६१

चि. बाबूसिंग यास देवसिंगचे आशीर्वाद. वि. वि. आमी सारे खुशाल. तू तं खुशाल असशीलच, कारण ज्याले कशाची लाज नाही त्याची तब्येत चांगली राह्यते.

तुझ्या रुपीवयनीचा भाऊ धनसिंग घाटंजीकडं सदाशिवरावाच्या घरी सहा वर्षांपासून सालदार आहे, हे तुले माहीतच. मागच्या आठवड्यात सदाशिवरावाच्या आवारातली ढोराईची पाण्याची दगडी डोणी दुभंगली. मालक बाजारात गेलते. आले अन् म्हणे, धनसिंगानं बैलगाडी आपटली. धनसिंग म्हणे, मी तं वावरात होतो. आयकते कोण. पाडव्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, अन् चार गावात बोंबलून ठेवलं का हा माणूस बेफिकीर आहे, वरून खोटाडा आहे. आता त्याले दुसरा कोणता मालक सालावर ठेवते? रुपी तीन दिवसांपासून माझ्याशी बोलून नाही राह्यली, जसं काही डोणी मीच फोडली.

त्या दिवशी तिथून कापूस उचलायले कोणाचा ट्रक गेलता, हे धनसिंगाले माहीत नाही. मले माहीत आहे. तूच कार्डात लिहिलं होतं, सदाशिवरावाचा माल भरला म्हणून. मी चार बुकं शिकलेला माणूस. लाकडी गाडीनं हातभर जाड दगड फुटते का, ते तुमी डायवर लोक जास्त जाणता. मले फक्त हाव का नाही, ते लिहून पाठव.

बाकी गावात नवं काही नाही. देवरावाच्या फाटकाचा दगडी खांब तीन वर्षांपासून आडवा पडून आहे. तो जावयाच्या गाडीनं पाडला म्हणून देवराव अजून जावयाले सणावाराले बोलवत नाही. लोक एकेक.

लोभ वाढवायचा का आटवायचा, ते तुझं उत्तर आल्यावर पाहू.

देवसिंग


यवतमाळ
ता. २६ फेब्रुवारी १९६१

ति. स्व. देवसिंगभिया यास बाबूसिंगचा सा. न. वि. वि.

हाव. ट्रक मागं घेताना लागलं थोडंसं. मागं पाह्यले कोणी नव्हतं, सांगायलेही कोणी नव्हतं. पाच मिनिटं भोंगा वाजवला अन् निघालो.

आमच्या शेठचा कायदा साफ आहे. सडकेवर लागलं तं पोलिस, कोणाच्या आवारात लागलं तं देव पाहून घेईन. खाजगी जागेतल्या खरचट्याची वर्दी देत बसलो तं गाड्या चालणार कशा, असं ते म्हणतात. जो डायवर तोंड उघडते त्याची चावी जाते. इथं दहा जण चावीसाठी उभे आहेत. तुमचा जन्म बैलाच्या शेपटीमागं गेला, तुमाले हे समजाचं नाही.

धनसिंगाचं मले वाईट वाटलं. पण त्याले कुठं तरी काम भेटूनच जाईन. दगड तं दगडच आहे, सिमेंटनं बुजते.

वयनीले नमस्कार. राग आटोपला तं लोभ असू द्यावा.

बाबूसिंग


तांडा
ता. ३ मार्च १९६१

बाबूसिंग यास देवसिंगकडून. आशीर्वाद सध्या शिल्लक नाहीत, आले तं पाठवीन.

तुझं पत्र रुपीले वाचून दाखवलं. तिनं भाकरी थापणं बंद केलं. त्या दिवशी मी उपाशी झोपलो.

तुझा शेठ मोठा हुशार माणूस दिसते. सडकेवर पोलिस, आवारात देव. म्हणजे चोरी चौकात केली तं चोरी, घरात शिरून केली तं पाहुणचार. अन् तू पाच मिनिटं भोंगा वाजवला. बाप्पा, केवढी मेहनत केली.

बैलाच्या शेपटीमागं जन्म गेला, हाव. आपला आजा दोनशे बैलाईवर मीठ लादून मुलूख हिंडे. दोनशे तोंडं धरून ठेवणं कोणाले जमते? कोणता तरी बैल कोणाच्या तरी उभ्या ज्वारीत तोंड घालेच. तवा आजा पुढच्या बैलाच्या गळ्यातली घंटा काढून त्या शेतकऱ्याच्या दारावर टांगे. ती आपण सोडायची नाही. ज्याचं नुकसान झालं त्यानं चार माणसांत आयकलं म्हणायचं अन् आपल्या हातानं सोडून द्यायची. तोवर तांडा मुका चाले, अन् वाटेवरच्या पोट्ट्यासोट्ट्याले कळे का यांच्या नायकाचं कुठं तरी सांगायचं राह्यलं आहे. तीच घंटा आपल्या भिंतीवर आहे. तिच्या मालकाचा नातू आता टिनाच्या डब्यात बसून तोंड लपवते.

पाडव्याले पंधरा दिवसही नाहीत. सिमेंट दगडाले लागते, माणसाच्या नावाले लागत नाही. लोभाचं नंतर बोलू.

देवसिंग


यवतमाळ
ता. ११ मार्च १९६१

ति. स्व. देवसिंगभिया यास सा. न. वि. वि.

काल पुन्हा सदाशिवरावाचा कापूस भरायले गेलतो. माल भरला अन् त्याईले बाजूले नेऊन सांगितलं का डोणी मी फोडली. ते हसले. म्हणे, मले त्याच दिवशी समजलं. चिखलात रबरी चाकाचे वण होते, बैलगाडीच्या लोखंडी धावेचे असे वण उमटत नाहीत. मंग धनसिंगावर काहून घातलं, असं मी विचारलं. तं म्हणे, ट्रकवाल्याचं नाव घेतलं तं शेठ नाराज होते, मंग पुढच्या साली माझा कापूस कोण उचलीन? सालदार काय, एक गेला तं चार भेटतात. सांगितलं ते बरं केलं म्हणे, आता तोंड मिट अन् गाडी काढ.

भिया, तुमच्या पत्रानं मले तुमचा राग आलता. हे आयकून माझाच आला. माझ्यासारखे गप राह्यतात म्हणून अशाईचं फावते.

गाडीची बाटरी मरेल आहे, पुढून हँडल फिरवल्याशिवाय ती उठत नाही. मी ट्रक फाटकात आणला, बंद केला अन् हँडल सदाशिवरावाच्या दाराच्या कडीले टांगून दिलं. हे काय म्हणून ते ओरडले. मी म्हटलं, आमच्यापाशी आता बैल नाहीत, हीच घंटा समजा. अन् ओट्यावर बसलो.

फाटक अडलं, गाड्या बाहेर, ढोरं आत. लोक जमले. त्यात दोन म्हातारे होते, त्याईनं लहानपणी लमाणाची घंटा दारावर पाह्यली होती. तेच बाकीच्याले समजावून सांगाले लागले. ढकलायले हमाल होते, पण एकानंही हात लावला नाही. दुपार कलली तवा सदाशिवराव एरंडेल पिल्यासारखं तोंड करून उठले. डोणी ट्रकनं फुटली, धनसिंगाचा दोष नाही, असं चार माणसांत बोलले अन् हँडल काढून माझ्याकडं फेकलं. आपल्याले हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तेवढं गिळून गेले. तेवढं मी सांगून आलो.

धनसिंगाले तिथंच एका म्हाताऱ्यानं पाडव्यापासून सालावर ठेवलं. सदाशिवराव परत ये म्हणत होते, तो गेला नाही.

मी यवतमाळले पोचायच्या आत शेठपाशी खबर पोचली होती. चावी गेली. पाडव्याले घरी येतो. वयनीनं भाकरी थापली तं बरं होईन. लोभ उरला असन तं ठेवावा.

बाबूसिंग


तांडा
ता. १४ मार्च १९६१

चि. बाबूसिंग यास अनेक आशीर्वाद, मागचे राह्यलेले धरून. वि. वि.

चावी गेली, जाऊ दे. वावरात काम आहे. तुले बैल ओळखतील का नाही, ते त्याईलेच विचारू.

तुझं पत्र रुपीनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा आयकून म्हणे, ही घंटा आपल्याच भिंतीवर कायले लटकून राह्यली आहे, भिंतीचं काय नुकसान केलं तुमी? एवढं बोलून ती चुलीपाशी गेली.

देवरावाचा तो खांब जावयानं पाडला नाही. तीन वर्षांमागं ज्वारीच्या भरल्या गाडीनं तो मी पाडला. रुपी गाडीवर बसली होती, तिनं पाह्यलं. जावयाचं नाव निघालं तवा मी देवरावाच्याच ओट्यावर चहा पिऊन राह्यलो होतो, अन् माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. बाबू, तुले मी जे जे टोचून लिहिलं, ते शोधायले मले कुठं जा लागलं नाही. तीन वर्षांपासून ते सारं माझ्याच पोटात तयार होतं.

काल सकाळी गेलो अन् देवरावाले सांगितलं. त्यानं आयकून घेतलं अन् दार लावून घेतलं. चार माणसांत यायले अजून तयार नाही. जावयाले आता काय तोंड दाखवू, म्हणते.

तू ये. रुपी भाकरी थापून राह्यली आहे, लोभही आहे. फक्त घरात शिरल्यावर भिंतीकडं पाहून मले काही विचारजो नको. घंटा देवरावाच्या दारावर आहे.

तुझा भिया,
देवसिंग