कोपर गावच्या विहिरीचे दत्तकविधान रद्द करणेबाबत

प्रति,
मा. प्रभाग अधिकारी,
प्रभाग कार्यालय, डोंबिवली (पश्चिम).

दिनांक : १४ मे २०२५

विषय : जागतिक शाश्वत विकासासाठी दत्तक गेलेली आमची विहीर तिच्या आईस परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे दि. ३ एप्रिल व दि. २१ एप्रिलचे अर्ज. २) शाश्वतसेतू ग्लोबल फाउंडेशन, माजिवडा, ठाणे यांचा 'कोपर मॉडेल' हा अहवाल, पृष्ठे चौऱ्याण्णव, गुळगुळीत कागद.

महोदय,

मी खाली सही करणार गुरुदत्त टिपणीस, वय ६९, राहणार कोपर गाव, विहिरीशेजारची इमारत. दुय्यम निबंधक कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून शेकडो दत्तकपत्रे गेली. त्यामुळे 'दत्तक' हा शब्द कोणी उगाच वापरला की माझे डोके फिरते, हे आधीच नमूद करतो.

१. आमच्या गावात एक जुनी विहीर आहे. मंगळवारी नळाचे पाणी बंद असते, तेव्हा बेचाळीस कुटुंबे तिच्यावर भागवतात. श्रीमती रंगूबाई केणे, वय ७४, या सोळाव्या वर्षी लग्न होऊन इथे आल्या, तेव्हापासून दर वैशाखात दोराने विहिरीत उतरून गाळ काढतात. तळाशी तीन झरे आहेत. त्यांची तोंडे नेमकी कुठे आहेत, हे त्यांच्या सासूने त्यांना दाखवले होते. आज ते गावात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही.

२. गेल्या वर्षी पाच जूनला सदर फाउंडेशनने ही विहीर 'दत्तक' घेतली. मांडव घातला होता. प्रकल्प प्रमुख क्षिप्रा मॅडम यांनी 'जागतिक शाश्वत विकासात स्वयंसेवी संस्थांची भूमिका' या विषयावर पन्नास मिनिटे भाषण केले. आपणही पहिल्या रांगेत होतात. आपल्याला रोपटे मिळाले, ते जगले असावे. भाषणानंतर रंगूबाईंनी मला शाश्वत म्हणजे काय, असे विचारले. कायम टिकणारे, असे मी सांगितले. त्यावर त्या विहिरीकडे हात करून म्हणाल्या, "मंग बाव त कवाची हाय!" (बाव म्हणजे त्यांच्या बोलीत विहीर.) पन्नास मिनिटांच्या भाषणात एवढे सरळ वाक्य एकही नव्हते.

३. त्यानंतर विहिरीला निळा रंग दिला, शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांचा, सतरा रंगीत चौकोनांचा फलक लावला आणि 'सुरक्षिततेसाठी' वर लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप ठोकले. आठवडाभर त्यांचा माणूस सकाळी जाळी उघडायला येत होता. पुढे तोही येईनासा झाला. चावी माजिवड्याला, विहीर कोपरला.

४. अहवालाच्या पृष्ठ ३१ वर म्हटले आहे की, प्रकल्पामुळे जलपातळी चार फुटांनी वाढली. वाढणारच! उपसायला ते देतात कोणाला? माझ्या जेवणाच्या ताटावर झाकण ठेवून ते दोऱ्याने बांधले, तर माझाही भात शिल्लक राहील. त्याला मी भातसंवर्धन म्हणून परदेशात भाषण करायला जात नाही.

५. पृष्ठ ४ वर रंगूबाईंचा पानभर फोटो आहे. खाली नाव नाही. 'पाण्यासाठी रोज तीन किलोमीटर पायपीट करणारी लाभार्थी' असे छापले आहे. त्यांचे घर विहिरीपासून चौदा पावलांवर आहे. मी स्वतः मोजली. पण चौदा पावलांत फोटो नीट येईना, म्हणून त्यांना डोक्यावर हंडा देऊन खाडीच्या दिशेने सहा वेळा चालवले. हंडा रिकामा होता. लाभार्थी या शब्दाचा अर्थ ज्याला लाभ झाला तो, असा मी आजवर समजत आलो. चूक असल्यास कळवावे.

६. चावीसाठी मी माजिवड्याला नवव्या मजल्यावर दोनदा जाऊन आलो. क्षिप्रा मॅडम आमची विहीर सादर करायला परदेशी गेल्या होत्या. प्रकल्प ३१ मार्चला यशस्वीरीत्या 'क्लोज' झाला असून चावी 'एक्झिट फाइल'मध्ये आहे व ती फाइल मॅडम आल्याशिवाय उघडता येत नाही, असे मला सांगण्यात आले. तक्रार करतो म्हटल्यावर अभिप्रायाचा फॉर्म दिला. त्यावर तीन चेहरे होते : एक हसरा, एक जास्त हसरा आणि एक पोट धरून हसणारा. रडका चेहरा छापलेला नसल्याने मी फॉर्म कोरा परत केला. चांगले काम करणाऱ्या संस्था जगात असतील, नाही असे मी म्हणत नाही. पण त्या आमच्या वाट्याला का येत नाहीत हो?

७. आता कायद्याचे बोलतो. एकदा झालेले दत्तक रद्द करता येत नाही, हे आपण मला शिकवू नये. माझे म्हणणे, हे दत्तक मुळात झालेच नाही. पंधरा वर्षांवरील अपत्य, तशी रूढी असल्याशिवाय, दत्तक जात नाही. विहिरीच्या कठड्यावर शके १८४९ कोरलेले आहे. शिवाय देणारा लागतो. या विहिरीला आपल्या हाताने उचलून कोणी दिले? रंगूबाईंना मी हे समजावून सांगितले, तेव्हा त्या फलकाकडे बघत म्हणाल्या, "आयस मेली त पोर दत्तक देतान. मी त जिती हाय नं!" माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत दत्तकाविरुद्ध इतकी बिनतोड हरकत आली नव्हती.

८. निकड अशी की, पाणी हलत नसल्याने हिरवे पडले आहे. पावसाआधी गाळ निघाला नाही, तर झऱ्यांची तोंडे बुजतील, असे रंगूबाई म्हणतात. पुढच्या वैशाखात त्यांना उतरता येईल याची खात्री त्या देत नाहीत. म्हणजे यंदा बुजलेले झरे कायमचे गेले. मग फलकावरचा 'शाश्वत' हा शब्द तेवढा खरा ठरेल, कारण कुलूप गंजणारे नाही.

सबब, जाळीचे कुलूप आठ दिवसांत उघडून द्यावे, फलक उतरवावा आणि फाउंडेशनला दत्तकाची इतकीच हौस असल्यास त्यांनी माजिवड्याची आपली स्वतःची लिफ्ट दत्तक घ्यावी. ती दोन्ही वेळा बंद होती आणि मी नऊ मजले चढलो.

आपला, अद्याप नम्र,
(सही) गुरुदत्त टिपणीस

निशाणी डाव्या अंगठ्याची : रंगूबाई केणे

सोबत : १) अहवालाचे पृष्ठ ४ व ३१, छायाप्रत. २) फलकाचा फोटो. ३) विहिरीचे पाणी, औषधाच्या बाटलीत, जाळीतून सुतळीने काढलेले. कृपया झाकण उघडूनच पोच द्यावी.

ता. क. (दि. १५ मे) : वरील अर्ज घेऊन आज सकाळी आपल्याकडे निघालो असता रंगूबाई जिन्यातच भेटल्या. एका हातात पहार होती, दुसऱ्या हातात कुलूप. कुलूप माझ्या फाइलवर ठेवून म्हणाल्या, "कागद ठेवा, दोर धराला चला." मी आयुष्यात नियम मोडलेला नाही, लाल दिव्याला रिकाम्या रस्त्यावरही थांबतो. गेलो. रंगूबाई विहिरीत उतरल्या, दोर मी आणि इमारतीतल्या हेमाताईंनी धरला, हातांची साले निघाली, अक्षर वाईट आल्याबद्दल क्षमस्व. दुपारपर्यंत दोन झरे मोकळे झाले. तिसरा राहिला, त्याचे तोंड त्यांनी वर आल्यावर मला काठावरून बोट दाखवून सांगितले आहे. मी लिहून ठेवले आहे.

त्यामुळे विनंतीतील कुलपाचा भाग आता वगळावा आणि सोबतच्या यादीत 'क्र. ४ : कुलूप, मोडलेले, एक' असे वाढवून घ्यावे. फाउंडेशनने मोडतोडीची तक्रार दिल्यास कुलूप मी तोडले, अशी नोंद करावी. हा माझा लेखी जबाब समजावा. चौऱ्याण्णव पानांच्या अहवालात रंगूबाईंचे नाव एकदाही आलेले नाही. ते तक्रारीतही येऊ नये.