गुंडूला दिलेलं ताक

जुळे सोलापूर,
११ डिसेंबर २०२४

चि. शिवलीलास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू मैंदर्गीला नीट पोचलीस आणि गुंडूने गेल्या गेल्या अंगण उकरलं, हे कळलं. माझे गुडघे आहेत तसेच. सोसायटीच्या चेअरमनना अजून पाणी वेळेवर सोडता येत नाही. काल चांगलं ऐकवलं.

फोन केला असता तर तुलाच रागावून मोकळी झाले असते, म्हणून लिहितेय.

डॉक्टर अनिलकुमारांवरचा राग गेलेला नाही. मुक्या जनावराला मुद्दाम आम्लाच्या गोळ्या चारायच्या आणि मूत्रपिंड ते आम्ल बाहेर टाकतं का बघायचं, ही कसली तपासणी? तू बेंगळूरचं तिकीट काढायला गेलीस आणि मी, निवृत्त मुख्याध्यापिका, दर तासाला लघवी धरायला डाव घेऊन कुत्र्यामागे. शेजारच्या पार्वतम्मा गॅलरीतून म्हणाल्या, "टीचर, तीर्थ धरताय व्हय?"

लघवी शेवटपर्यंत आम्लधर्मी झाली नाही. मूत्रपिंड बिघडलंय, जन्मभर औषध, असं डॉक्टर म्हणाले. तू तिथेच तिकीट फाडलंस. बेंगळूरला सिद्धेश्वरीचं पहिलं बाळंतपण, आणि आई इथे कुत्र्यापाशी. मी गप्प बसले. मी आणि गप्प. तुला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पण गोळ्यांनंतर तो ओकला, माझ्या पायावर डोकं टाकून कण्हत राहिला. लहानपणी आपल्याला पित्त झालं की अव्वा ताकात खायचा सोडा घालून द्यायची ना, तसा दिला. दोनदा. सोडा आम्ल मारतो, हे लिटमस कागद बुडवून मीच सातवीला शिकवत आले.

आज डॉक्टरांना सांगून आले. ओरडले असते तर मीही ओरडले असते. त्यांनी खुर्ची पुढे केली, तेच लागलं. पत्र मिळताच औषध बंद कर. सोमवारी त्याला घेऊन ये, पुन्हा तपासतील. या वेळी दवाखान्यातच ठेवणार आहेत, माझ्याकडे नाही.

आपला चन्नवीर उद्या गावी येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि बुधवारचं नवं तिकीट देतेय. निकाल काहीही येवो, तू लेकीकडे जा. गुंडूला मी सांभाळीन, अजून माझ्यावर सोपवावासा वाटला तर.

कॉन्व्हेंटमधल्या ख्रिस्ती मुली फादरना सगळं सांगून हलक्या होऊन यायच्या, आपण बाहेर बाकावर बसून हसायचो. मला काही हलकं वाटत नाही, शिवा.

तू तिकीट फाडलंस तेव्हा तुझ्या शेजारी बसलेली,
तुझी अक्का