बाजेखालची शेगडी

दादा, आज दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला, तेव्हा मी उदबत्ती पेटवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. सून हसली. म्हातारीला भरदुपारी देव आठवला, असं वाटलं असेल तिला. मला तुम्ही आठवला होतात. अंबडच्या आपल्या घरात चूल धडधडते आहे आणि तुम्ही दारात उदबत्ती धरून उभे आहात. तुम्ही शिकवायचात त्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, पुस्तकं उर्दू, पोरं मराठी, त्यामुळे दिवसभर शिकवलेलं संध्याकाळी आम्हा दोघी लेकींना मराठीत सांगितल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही. उदबत्ती चौकटीच्या वरच्या अंगाला नेली की धूर बाहेर पळायचा, उंबऱ्याशी आणली की आत यायचा. "सूर्य हवेला तापवत न्हाई," तुम्ही म्हणायचात, "तो जमीन तापवतो, अन् जमीन हवेला. तापलेली हवा वर जाती, तिच्या जागी गार हवा खालून येती. वारं म्हंजे दुसरं काय? साऱ्या दुनियेत हेच चालू हाय." ताईने विचारलं होतं, "अन् दार लावून घेतलं तर?" तुम्ही उदबत्ती माझ्या हातात दिलीत. "मंग काई न्हाई. मंग हवा आतल्या आत शिजत राहती."

आई धाकट्याच्या वेळी गेली तो पौष होता. बाळंतिणीच्या खोलीत धूर कोंडला, आईचे डोळे चुरचुरायला लागले, म्हणून तुम्ही दार थोडं उघडून ठेवलंत. पुढे तिला ताप चढला, आणि ती आणि तान्हं दोघंही गेली. आता चार बाळंतपणं बघितल्यावर मला कळतं की तो ताप दारातून आलेला नव्हता. पण आत्या रडायला आलेल्या बायकांसमोर म्हणाली, "यानं दार उघडलं अन् वात शिरला." त्यानंतर आपल्या घरात आत्याच्या शब्दापुढे तुमचा शब्द कधी गेला नाही.

ताई पहिलटकरीण म्हणून माहेरी आली ती वैशाखात. आत्याने माजघरामागची खोली सारवली, झरोक्यात चिंध्यांचे बोळे कोंबले, बाजेखाली शेगडी ठेवली आणि दाराला घोंगडी लावली. मुलगा झाला. ताईच्या डोक्याला फडकं, कानात कापूस, अंगावर गोधडी. शेगडीत गोवऱ्या घालायचं काम माझं. मी आत गेले की कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरायचा. ओव्याची धुरी दिली तर तिचा धूर वरही जाईना, बाहेरही जाईना. बाजेवर नुसता तरंगत राहायचा. तुमचाच धडा होता, दादा, फक्त उलटा मांडलेला.

पाचवी पुजली त्या संध्याकाळी तुम्ही घोंगडीशी येऊन उभे राहिलात. पुरुषमाणसाने आत जायचं नसतं. तुम्ही दबक्या आवाजात म्हणालात, "अक्का, घोंगडी जरा वर कर. वैशाख हाय, गारठा येईल कुठून?"

आत्या आतूनच म्हणाली, "एकदा उघडलंस तू दार. पुन्हा उघडायचंय?"

तुमचा हात घोंगडीपर्यंत गेला होता. तो तुम्ही मागे घेतलात. मग ताईचा आवाज आला. "दादा, बाहेर वारं हाय का वो?"

दिवसभर तापलेली जमीन निवायला लागली होती, वारं सुटलं होतं. अंगणातल्या लिंबाची पानं सळसळत होती आणि तुमच्या धोतराचा सोगा हलत होता. तुम्ही म्हणालात, "न्हाई बाई. बाहेर बी असंच हाय. पान हालून न्हाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा घाम आटला. अंग तव्यासारखं कोरडं. ती काहीबाही बरळायला लागली, आणि मग सगळं अंग थडथड उडायला लागलं. आत्या किंचाळली, "बघा, कापून राह्यली! शिरला गारठा. जल्दी निखारे आण, अन् दुसरी गोधडी." मी निखारे आणले. तिला शेवटचं बाहेर काढलं तेव्हा तुम्ही शेगडी नुसत्या हातांनी उचललीत आणि अंगणात नेऊन उपडी केलीत. तुमचे तळवे पुढे कितीतरी दिवस बांधलेले होते. मुलगा वाचला, सासरचे त्याला घेऊन गेले. मला आत्याचा राग आला नाही. तिला बिचारीला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिने जीव तोडून केलं. राग तुमचा आला, कारण तुम्हाला ठाऊक होतं.

माझं पहिलं बाळंतपण मंठ्याला, सासरीच झालं. माहेरी करायला आई कुठे होती? तेही वैशाखातच. सासूबाईंनी बाजेखाली शेगडी सरकवली, तशी मी ओली बाळंतीण उठले आणि ती पायाने बाहेर लोटली. झरोक्याचा बोळा ओढून काढला. सासूबाई ओरडल्या, कपाळ बडवलं, दोन दिवस अबोला धरला. धुरीचा धूर झरोक्याकडे वाकला आणि बाहेर गेला. मला काही झालं नाही. पोरीलाही नाही.

बारशाला तुम्ही छकड्यातून आलात. नातीला आधी बघितलंच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. सगळ्या बायका पाळण्याशी गेल्यावर हळूच विचारलंत, "शेगडी होती का खोलीत?"

मी म्हणाले, "होती, दादा. दार बी लावलेलंच होतं."

तुम्ही किती वेळ मान हलवत होतात. मग नातीला मांडीवर घेतलंत. तुमचे डोळे मिटेपर्यंत मी ते खोटं मोडलं नाही, आणि हा कागदही आता चुलीतच जाईल. ताईच्या खोलीतला एक बोळा काढायचा होता, दादा. इतकंच होतं ते, आणि हे तुम्हाला कळू द्यायचं माझ्या जिवावर आलं.